मैनाबाईचं चऱ्हाट

चंद्रभान धावत येताना दिसला की खैरखेडचे लोक दोन खाटा काढून ठेवत. एक पडलेल्या माणसासाठी, दुसरी चंद्रभानसाठी.

यात चेष्टा होती तेवढीच काळजीही होती, कारण आजवर तसंच घडत आलं होतं. अकोटच्या वाटेवर कोणाची बैलबंडी उलटली, कोणाला बैलानं शिंगावर घेतलं, कोणी विहिरीत पडलं, कोणाला साप चावला, की हाक चंद्रभानला जाई. आणि हाक पुरी व्हायच्या आत गडी निघालेला असे. तण काढायचा डवरा वावरात तासातच पडलेला, बैल जुवाखाली तसेच उभे, आणि हा बांधामागून बांध, धुऱ्यामागून धुरा ओलांडत सुसाट. हे काम त्याला कोणी नेमून दिलं नव्हतं. वतन नव्हतं, इनाम नव्हतं. अंगात ताकद रेड्याची होती, हाड बसवायचा हात बापाकडून आला होता, आणि कोणाचा ओरडा कानावर पडला की त्याचे पाय डोक्याला विचारायला थांबत नसत.

मैनाबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, सगळं दुखणं इथंच होतं. पाय पुढं धावत आणि डोकं मागून, जमलं तर, येई.

एकदा विहिरीत बकरी पडली. चंद्रभाननं पाणी किती आहे ते न बघता वरून उडी टाकली. पाणी होतं घोट्याएवढं. माणसं जमली तेव्हा बकरी त्याच्या पाठीवर उभी राहून मजेत ओरडत होती आणि चंद्रभान तिच्याखाली कण्हत होता. आधी बकरी काढली, मग बाजेवर घालून चंद्रभान काढला. दुसऱ्यांदा एका वाटसरूवर आग्या मोहोळ उठलं, तर हा उघड्या अंगानं त्यात शिरला. दोघंही ओट्यावर आणून टाकले तेव्हा त्यातला आपला कोणता हे मैनाबाईला धोतराच्या काठावरून ओळखावं लागलं. सापाचं विष तोंडानं ओढायला बसला तो स्वतःची दाढ फुटून वाहत असताना. नशिबानं ती धामण निघाली. चावलेला माणूस अंग झटकून घरी गेला आणि चंद्रभान गाल धरून पेज पीत बसला.

त्यात ती सालं कापसाची होती. सात समुद्रापलीकडं कोणत्या तरी मुलखातले लोक एकमेकांच्या उरावर बसले, त्यांचा कापूस वावरातच राहिला, आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडं तोंड वासून बसल्या. मग काय विचारता. ज्याच्या घरी लेकराला आंगी नव्हती त्याच्या बैलाच्या पाठीवर रेशमी झूल आली. एकानं बैलांना जिलेबी चारली, आणि बैलांनी ती थुंकली तर बैल अडाणी आहेत म्हणून शिव्या दिल्या. दुसऱ्यानं हौसेनं घड्याळ आणलं. वेळ कळत नव्हती, पण टिकटिक ऐकायला शेजारी रांगेनं येत. माणसं चालता चालता आपल्याशीच हसत. कापूस लादलेल्या बंड्या अमरावतीच्या बाजाराकडं अशा सुटत, जशी पुढची बंडी पोचली की बाजार बंदच होणार आहे. घाई वाढली तशी पडझड वाढली. चाकाखाली पाय, जुवाखाली बोट, गाठोड्याखाली माणूस. चंद्रभानला बसून भाकर खायला मिळेना, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते आवडत होतं. गाव सगळं झिंगलेलं, त्यात हा कसा शुद्धीवर राहील?

मैनाबाईला मात्र एकच भीती होती. हा माणूस एक दिवस दुसऱ्याला काढता काढता आतच राहणार.

ती कौंडण्यपूरची. तिकडं जत्रेत लोक वर्धेच्या पात्रात उतरत, त्यातले काही वाहू लागत, आणि मैनाबाईचा बाप त्यांना काढी. पण कमरेला दोर बांधल्याशिवाय तो गुडघाभर पाण्यातही जात नसे. दोराचं दुसरं टोक धरून तिची माय थडीवर पाय रोवून बसलेली असे. बापाला पोहता येई, मायला ओढता येई. लोक बापाचं नाव घेत. मैनाबाईच्या मते घर चाललं ते मायच्या हातांवर.

मोहोळाची सूज उतरून चंद्रभानचे डोळे उघडले, तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं ते समोर वेटोळं करून ठेवलेलं चऱ्हाट. अंबाडीचं, मनगटाएवढं जाड, तिनं स्वतः वळलेलं.

"आजपासून ह्याच्याबिगर कोठी उतरसान तं मी माहेरी जाते," ती म्हणाली. "आन मी गेली तं तुमाले कोन काढते, ते पाहून घ्या."

चंद्रभान हसला. ती उठली आणि लुगडी गाठोड्यात बांधू लागली. तिसरं लुगडं गाठोड्यात गेलं तेव्हा त्यानं मुकाट्यानं चऱ्हाट कमरेला लावून बघितलं.

गावाला मग चरायला कुरणच मिळालं. बायकोनं दोर धरलाय आणि पुढं नवरा चाललाय, हे दृश्य खैरखेडनं कधी बघितलं नव्हतं. शेजारचे नत्थुजी, ज्यांना तोंड बंद ठेवलं की पोटात कळ येई, त्यांनी वेशीवरच विचारलं की आज चंद्रभानला चरायला कोणत्या वावरात सोडणार. चंद्रभानचे कान लाल झाले. मैनाबाई थांबली.

"बैल हारपला तं बाजारातून दुसरा येते, नत्थुजी. नवरा हारपला तं तुमी देता का आनून?"

नत्थुजींच्या बायकोनं मागून सांगितलं की आमचाच घेऊन जा. त्यावर वेस हसली, चंद्रभानही हसला, आणि त्या दिवसापासून चऱ्हाट चाललं ते चाललं.

दोराची बोली तिनं मायकडची आणली. खालून एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे ओढ. आणि दोर ढिला पडून राहिला तर विचारायचं नाही, हाक मारायची नाही, वाट बघायची नाही. ओढायचं.

दोरामागून बाकीचं आलं. उपाशी पोटी धावायचं नाही. चंद्रभान म्हणे, माणूस मरून राहिला आणि मी भाकर खात बसू? तर तिनं भाकरीत कांदा-ठेचा गुंडाळून त्याच्या खांद्याच्या दुपट्ट्याला बांधायला सुरुवात केली, की धावता धावता खा. त्यामुळं तो पोचे तेव्हा त्याचं तोंड हलत असे, आणि पाय मोडलेला माणूस वेदनेतही विचारी की भाजी काय होती. उन्हात पागोट्याखाली कांदा. ज्या घरात पटकी शिरली त्या घरचं पाणी प्यायचं नाही. आपलं पाणी आपल्या तुंब्यात. लोकांना राग येई, की पाटलाघरचं पाणी चालत नाही म्हणजे काय. चंद्रभाननं खुशाल मैनाबाईचं नाव पुढं करावं, आणि तिच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. घरी आल्यावर अंगणातच राख लावून हात धुवायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग उंबरा.

आणि एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. कधी कधी चंद्रभान उशिरा पोचे. शेजारगावच्या एका पोरीला त्यानं विहिरीतून काढलं ते निव्वळ खाली ठेवण्यासाठी. त्यानंतर तो जेवेना, बोलेना, भिंतीकडं तोंड करून पडून राही. मैनाबाईनं समजूत घातली नाही. तिनं त्याला वावरात नेलं, हातात कुदळ दिली आणि ढेकळं फोडायला लावली. आपण शेजारच्या तासात निंदत राहिली. संध्याकाळच्या आत तो बोलू लागला, मग रडला, मग भूक लागली म्हणाला. तेव्हापासून वाईट दिवस आला की कुदळ, हे ठरून गेलं.

असं सगळं घडीला बसलं होतं, तेवढ्यात तो कार्तिक उजाडला.

कापसाची पहिली वेचणी झाली होती. कौंडण्यपूरची जत्रा तोंडावर होती आणि बहिणीला न्यायला मैनाबाईचा धाकटा भाऊ सूर्यभान आला होता. सूर्यभान म्हणजे चंद्रभानचीच आवृत्ती, फक्त कोवळी. गोरा, हसरा, गळ्यात ताईत, आणि कोणतंही काम दिसलं की 'हे काय, मी करतो' म्हणणारा. माय गेल्यावर मैनाबाईनं त्याला कडेवर वाढवला होता.

गावचे खुशालराव पाटीलही जत्रेला निघायच्या तयारीत होते. पाटलांनी आदल्या साली कापसाच्या भरात आपल्या रेंगीच्या, म्हणजे बसायच्या हलक्या गाडीच्या, चाकांच्या कडेची लोखंडी पट्टी, धाव, काढून चांदीची धाव चढवली होती. चांदी ती चांदी. पहिल्याच खेपेला अमरावतीच्या रस्त्यावरच्या दगडांनी तिला पोचे पाडले. दर ठेचेला पाटील आई गं म्हणत गेले आणि आई गं म्हणत परत आले. तेव्हापासून रोजची लोखंडी आणि मिरवायची चांदीची, असं त्यांनी ठरवलं. पण मिरवत नसताना चांदी ठेवायची कुठं? घरात चोर, वावरात चोर. पाटलांनी पावसाळ्याआधी ती गुंडाळून पेवात घातली.

पेव म्हणजे जमिनीखाली खोदलेली ज्वारीची कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मडक्यासारखं. तोंडावर फरशी, फरशीवर माती. पावसाळाभर ते तसंच मिटलेलं.

पेव उघडताना दिवा दाखवायची रीत आहे. जुनी माणसं दिवा दोरीनं आत सोडत. आतली हवा दबून खराब झाली असली की दिवा विझे, आणि मग कोणी उतरत नसे. पुढं काय झालं, रीत राहिली आणि दोरी गेली. आता लोक पेवाच्या तोंडाशी हळदकुंकू वाहत, नारळ फोडत, दिवा ओवाळत आणि तिथंच काठावर ठेवत. काठावरचा दिवा कशाला विझतो? तो झकास तेवे, आणि लोक म्हणत, पेव राजी आहे.

चांदी काढायला पाटलांनी पेव उघडलं, त्या सकाळीही ते राजी होतं. सूर्यभान सहज तमाशा बघायला गेला होता. पाटलांच्या सालदार गड्यानं उतरायला धोतर खोचलं, तर हा म्हणाला, हे काय, मी जातो, आणि शिडीही न लावता आत गेला.

मैनाबाई घरी जत्रेच्या शिदोरीचं पीठ मळत होती आणि चंद्रभान ओट्यावर दही-भाकर खात होता. पाटलीणबाई, दुर्गाबाई, अनवाणी पळत आल्या. हातात फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी तशीच होती. चंद्रभाननं तांब्या पुढं केला तर त्यांनी तो ढकलला.

"तुमचा सूर्यभान पेवात गप झाला," त्या म्हणाल्या.

मैनाबाईनं पिठाच्या हातानंच चऱ्हाट उचललं. वाटेत दुर्गाबाई धापा टाकत सांगत होत्या ते असं, की आत गेल्यावर सूर्यभान आधी हसला. म्हणाला, पाटील, मस्त चक्कर येऊन राहिली, जसा पाळण्यात बसलो. मग गाणं म्हणू लागला. वरचे सगळे हसले. गाणं अर्ध्यात थांबलं तेव्हाही हसले, वाटलं विसरला असेल. मग सालदार शिडीनं उतरला. डोकं काठाखाली गेलं आणि त्याचे डोळे फिरले. नत्थुजींनी शेंडी धरून त्याला वर घेतला.

पेवाशी पोचले तेव्हा सालदार डोकं धरून ओकत होता. पाटील तोंडाशी वाकून हाका मारत होते, की सूर्यभान, वर ये बाप्पा, खड्ड्यात गेली ती चांदी. नत्थुजी म्हणाले, खड्ड्यातच आहे ती पाटील, तेच तर झालं. आणि काठावर दिवा मजेत तेवत होता.

मैनाबाईनं वाकून पाहिलं. खाली अंधारात ज्वारीच्या ढिगावर लाल पागोटं दिसलं, आणि पागोट्याशेजारी उताणा चेहरा. ओठ हलल्यासारखे वाटले. नसतीलही हलले.

त्या क्षणी तिची माय, तिचा बाप, वर्धेची थड, दोराची बोली, सगळं तिच्या डोक्यातून पुसून गेलं. तिनं चऱ्हाट टाकून दिलं आणि पेवाच्या तोंडाकडं झेपावली.

चंद्रभाननं तिचा पदर धरला. पदर फाटला तसा दंड धरला. जन्मात ज्यानं उडी मारण्याआधी खाली बघितलं नव्हतं, त्यानं तिला मागं ओढून मातीत बसवलं आणि चऱ्हाट उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

"मैने, तू गेली तं दोर कोन धरीन?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं नाक पुसलं, पाय रोवले आणि चऱ्हाटाचा एक वेढा कमरेला घेतला.

चंद्रभाननं काठावरचा दिवा दोरीला बांधून आत सोडला. काठाखाली हातभर गेला तेव्हा ज्योत लहान झाली. आणखी थोडा गेला आणि कोणी चिमटीत धरावी तशी विझली. पाटलांनी सांगितलं की वारा लागला असेल, पुन्हा लावू. चंद्रभाननं आजूबाजूला नजर फिरवली, जवळ सगळ्यात रुंद कापड होतं ते पाटलांच्या खांद्यावर, जत्रेसाठी अमरावतीहून आणलेली कोरी शाल. ती त्यानं ओढून घेतली, चारी टोकं दोरीला बांधली आणि नत्थुजींना म्हणाला, की पोहऱ्यासारखी खाली सोडा आणि वर घ्या, खाली सोडा आणि वर घ्या, थांबू नका. शाल खाली जाई ती रेशमी आणि वर येई ती जाळ्या-जळमटांची. दर खेपेला आतली कोंडलेली घाण हवा ढवळून वर येई आणि नत्थुजींना शिंका येत. पाटील आपल्या शालीचं पोतेरं होताना बघत होते, आणि आपल्यालाच कळू नये इतक्या हळू म्हणत होते, ढवळा, अजून ढवळा.

मग चंद्रभाननं कमरेला चऱ्हाट आवळलं. सूर्यभानला बांधायला मोटेचा जाड दोर, नाडा, हातात घेतला आणि त्याचं दुसरं टोक पाटलांकडं दिलं. विहिरीत बुडी मारताना भरतो तशी छाती भरली, तोंड मिटलं, आणि गेला.

मैनाबाईला आतलं काही दिसत नव्हतं. तिला फक्त दोर होता. दोर ताणलेला होता. दोर हलला. एक हिसका आला. नत्थुजी शाल धरून थांबले, दुर्गाबाईंनी नारळाची वाटी छातीशी धरली.

दोर ढिला पडला.

ढिलाच राहिला. वाकला असेल, तिला वाटलं. सूर्यभानला धरत असेल. अजून एक श्वास थांबावं. आत तिचा भाऊ होता, आणि ओढलं की भावापासून दूर ओढणार होती.

तिनं ओढलं. दात खाऊन, पाठ मागं टाकून, जशी माय ओढायची. नत्थुजी आणि सालदार मदतीला आले. मुळा उपटावा तसा चंद्रभान वर आला, एकटाच. त्याच्या हातात सूर्यभानचा ताईत होता, तुटलेला.

तो शिव्या देत वर आला, म्हणजे जिवंत होता. तोंडाला निळी झाक होती. मैनाबाईनं तुंबा त्याच्या तोंडाला लावला, पाठीवर दोन थापा हाणल्या आणि शालीकडं बोट दाखवलं. शाल पुन्हा वर-खाली झाली. चंद्रभान पोटभर हवा प्याला. ती म्हणेना की पुरे, आणि म्हणेना की जा. तो उठला आणि पुन्हा गेला.

या खेपेला दोर ढिला झालाच नाही. दोन हिसके आले, इतके कचकचून की ती पुढं तोंडघशी पडता पडता राहिली. इकडून चऱ्हाट ती ओढू लागली, तिकडून मोटेचा नाडा पाटील, सालदार आणि नत्थुजी. कोणी आधी, कोणी नंतर, हे ठरवायचं राहिलं होतं. पेवाचं तोंड एका माणसाचं, आणि दोघंही एकदमच आले. खांदे अडकले. नाकाला नाक लावून दोन डोकी जमिनीतून उगवली आणि तिथंच थांबली. ना वर, ना खाली.

मोकळी हवा लागली तसे सूर्यभानचे डोळे उघडले. समोर बोटभर अंतरावर चंद्रभानचे डोळे. सूर्यभाननं बराच विचार केला.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमीबी मेले का?"

नत्थुजींच्या हातून नाडा सुटता सुटता राहिला. आधी दुर्गाबाई हसल्या, मग सालदार ओकता ओकता हसला, मग पाटील हसले ते पोट धरून खाली बसले. मैनाबाई हसत होती आणि रडत होती आणि ओढत होती, आणि हसल्यानं हातातली ताकद जात होती, म्हणून शिव्या देत होती. चंद्रभान अडकल्या जागेवरून ओरडला की आधी काढा, मग दात काढा. शेवटी सूर्यभानला थोडा खाली सोडून चंद्रभानला वर घेतला, आणि लगोलग त्याच्यामागून सूर्यभान निघाला, ज्वारीनं माखलेला, जशी पिठात घोळलेली मिरची.

त्याला निंबाच्या सावलीत आडवं केलं. त्याचं डोकं भणभणत होतं, दोनदा ओकला, पण आपण कोण, बहीण कोण, हे त्याला बरोबर सांगता आलं. पाटील कोण हे विचारलं तर म्हणाला, चांदीवाले.

पाटलांना तेव्हा आठवलं की चांदी अजून आतच आहे. त्यांनी पेवाकडं पाहिलं, मग मैनाबाईकडं पाहिलं. मैनाबाई चऱ्हाट गुंडाळत होती. तिनं सांगितलं, पेव उघडं राहू द्या, रोज दिवा आत सोडा, आत तेवला की उतरा, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर. पाटलांनी होकार दिला. जत्रा लोखंडी धावेवर झाली. पुढं खैरखेडमधल्या पेवांवर दिव्यासोबत दोरीही आली, आणि पाटलांची ती शाल पेव ढवळायलाच ठेवली गेली, कारण दुसऱ्या कशालाही ती राहिली नव्हती.

दिवस कलता कलता मैनाबाई भाकरी थापत होती. सूर्यभान बाहेर ओट्यावर पडला होता. चंद्रभान अंगणात हात-पाय धुऊन, डोक्यावरून पाणी घेऊन चुलीजवळ येऊन बसला. त्याचं तोंड भिंतीकडं होतं, म्हणून तिनं कोपऱ्यातल्या कुदळीकडं बघितलं. त्यानं मान हलवली, नको म्हणून.

"पयल्या खेपेले तो माह्या हाती आला होता," तो म्हणाला. "तू ओढलं नसतं तं तवाच आनला असता."

"दोर ढिला होता."

"मी वाकलो होतो म्हनून ढिला होता."

"मले वरून काय दिसते? ढिला झाला, ओढला."

चुलीत काटकी तडतडली. चंद्रभाननं ती आत सारली.

"आन तो आतच राह्यला असता तं?"

मैनाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. तिच्या तळहाताची साल चऱ्हाटानं निघाली होती, आणि पीठ लागून ती झोंबत होती.

"तं रडली असती," ती म्हणाली. "जल्मभर रडली असती. पन रडता रडता खेकसाले तुमी तं असते."

चंद्रभानच्या पोटातून हसू सुटलं, ते काही केल्या थांबेना. बाहेरून खाट करकरली.

"बाई, मी ऐकून राहिलो," सूर्यभान म्हणाला.

"ऐक," मैनाबाई म्हणाली, "आन हात धुऊन जेवाले ये."